जुनी इनोव्हा मागून बसली आहे? बफर, स्पेसर, जाड स्प्रिंग आणि हवेच्या पिशव्यांचा रोखठोक आढावा

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत पळस्पे फाट्यावर उभं राहिलं की कोकणात निघालेल्या जुन्या इनोव्हा एकाच ठेवणीत जाताना दिसतात. आत सात माणसं, डिकीत बॅगा आणि मखराचं सामान, कॅरिअरवर ताडपत्रीखाली आणखी काही. मागची चाकं मडगार्डात शिरलेली, नाक वर, आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. यावर उपाय म्हणून ठाणे आणि नवी मुंबईत बराच माल विकला जातो. त्यातला काही चांगला आहे, काही निरुपयोगी, आणि काही गाडीचं नुकसान करणारा.

निकाल आधी सांगतो, कारणं नंतर. आधी मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि चांगले शॉकअप बसवा. वर्षातून चार-सहा वेळाच गाडी भरून जात असेल, तर त्या स्प्रिंगांच्या आत हवेच्या पिशव्या बसवा. रोजच गाडी भरलेली असेल, तर थोडी जाड स्प्रिंग घ्या. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर घेऊ नका.

इनोव्हा भारतात २००५ साली क्वालिसच्या जागी आली आणि २०१६ मध्ये क्रिस्टा आल्यावर ही पहिली पिढी थांबली. क्वालिसला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) होते. ती बसली की ट्रकवाल्यांच्या पाट्याच्या दुकानात नेऊन एक पाटा चढवला की काम झालं. त्या सवयीने अजूनही काहीजण इनोव्हा घेऊन कळंबोलीला जातात. पण इनोव्हाच्या मागच्या बाजूला पाटेच नाहीत. तिथे एकसंध ॲक्सल आहे, त्याला पुढेमागे धरणाऱ्या चार लिंक आहेत, आडवा सरकू न देणारा एक लॅटरल रॉड आहे, दोन कॉइल स्प्रिंगा आहेत आणि त्यांच्यापासून वेगळे बसवलेले दोन शॉकअप.

यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं आहे. स्प्रिंग वजन पेलते आणि उंची ठरवते. शॉकअप झोके थांबवतो, गाडी उचलत नाही. लिंक आणि रॉड ॲक्सलला जागेवर ठेवतात. म्हणून गाडी मागून बसते तो दोष स्प्रिंगचा, खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा झुलते तो शॉकअपचा, आणि वळणावर खड्डा आला की मागची बाजू आडवी सरकल्यासारखी वाटते तो बुशांचा (लिंक आणि रॉडच्या टोकांतल्या रबरी जोडांचा), त्यातही बहुतेक वेळा लॅटरल रॉडच्या बुशांचा. गॅरेजात या तिन्हींची सरमिसळ होते. नवे शॉकअप घालून गाडी वर येईल या आशेवर पैसे जातात आणि गाडी होती तिथेच राहते.

आधी माप

मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. चारही टायरांत दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, टाकी भरलेली असू द्या, डिकी रिकामी करा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात शिरते. चाकाच्या मध्यापासून मोजलं तर शिरत नाही. सोसायटीच्या पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून बहुधा उताराची असते, तेव्हा गाडी त्याच जागी उलट तोंड करून लावा, पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

त्यानंतर नेहमीचं भरलेलं वजन टाकून तेच माप पुन्हा घ्या. रिकाम्या गाडीतच डाव्या-उजव्या बाजूत १० मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर चाक काढून स्प्रिंगचं खालचं टोक बघा. तिथे चिखल आणि पाणी साचतं, रंग उडतो, गंज चढतो आणि शेवटचं अर्धं वेटोळं तुटून पडतं. खाडीकाठच्या दमट हवेत राहणाऱ्या गाड्यांत हे पाहायलाच हवं. वाशी, नेरूळ, ठाण्यातलं कोलशेत, सगळीकडची हवा तशीच.

भरलेल्या गाडीत स्प्रिंग किती दबते हे पाहायची सोपी युक्ती म्हणजे बंप रबराला (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकतो त्या रबरी ठोकळ्याला) ओला खडू फासून एक फेरी मारणं. शिळफाटा-महापे रस्ता किंवा घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवरचा पेव्हर ब्लॉकचा पट्टा पुरेसा आहे. परत आल्यावर समोरच्या पत्र्यावर खडूचा ठसा उमटला असेल, तर सस्पेन्शन तळाला टेकतं आहे. एखाद्या मोठ्या खड्ड्यात टेकणं समजू शकतं. प्रत्येक स्पीडब्रेकरला टेकत असेल, तर चेसिसला रोज घण बसतो आहे.

गाडी मागून ४० मिलिमीटर बसली तर काय होतं, हे आकड्यात मांडून बघा. इनोव्हाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २७५० मिलिमीटर आहे. ४० भागिले २७५०, म्हणजे दर मीटरला साधारण १४.५ मिलिमीटर. २५ मीटरवर हेडलाइटचा झोत ३६ सेंटिमीटर वर जातो. समोरचा ड्रायव्हर डिपर मारतो तो उगाच नाही.

दुसरा हिशेब सामानाचा. डिकीतलं सामान मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. ॲक्सलपासून ६०० मिलिमीटर मागे १०० किलो ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर १०० नव्हे, १२२ किलो येतात आणि पुढच्या ॲक्सलवरून २२ किलो उचलले जातात. घाटात स्टिअरिंग हलकं आणि लांबट वाटतं ते याच कारणाने. म्हणून जड बॅग नेहमी तिसऱ्या सीटच्या पाठीला चिकटून, मागच्या दारापाशी नाही. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

रबरी बफर आणि स्पेसर

स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांच्या मध्ये अडकवायचे पारदर्शक किंवा काळे बफर ॲक्सेसरीच्या प्रत्येक दुकानात मिळतात. स्वस्त असतात, झटपट बसतात, आणि पहिल्या दिवशी खरंच गाडी वर आलेली दिसते. त्यामुळेच ते खपतात.

ते जे करतात ते असं. समजा स्प्रिंगची सहा वेटोळी काम करतात. बफरने त्यातलं एक जखडलं की पाचच उरली. स्प्रिंगचा कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो, म्हणून तो २० टक्क्यांनी वाढला. इथवर ठीक. पण जे काम सहा जणांत वाटलं जात होतं ते आता पाचांवर आलं, आणि बफरची कड जिथे तारेला टेकते तिथेच पीळ एकवटतो. शिवाय बफरखाली वाळू आणि पाणी अडकून तारेवरचा रंग खरवडला जातो. पाऊस संपल्यावर बफर काढून बघा. खाली तारेवर गंजाचा पट्टा असतो. स्प्रिंग पुढे तुटते ती नेमकी त्या पट्ट्यावर. नवी स्प्रिंग टिकवायची असेल तर हा माल तिच्या जवळ नेऊ नये. जुन्या, बसलेल्या स्प्रिंगवर तर अजिबात नको, कारण ती आधीच थकलेली असते.

स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या वर किंवा खाली ठेवायची जाड चकती, पॉलियुरेथेनची किंवा ॲल्युमिनियमची. ती गाडी उचलते, पण स्प्रिंग तसूभरही कडक करत नाही. विक्रेते ‘लोड घेईल’ म्हणतात ते चूक आहे. १०० किलो टाकल्यावर गाडी आधी जितकी बसायची तितकीच स्पेसरनंतरही बसते, फक्त वरून सुरुवात करते. मूळ मापाची स्प्रिंग टाकूनही ८-१० मिलिमीटर कमी पडत असतील तर पातळ चकती चालेल. ३०-४० मिलिमीटरचा स्पेसर मात्र टाळावा. शॉकअप पूर्ण उघडण्याच्या जवळ येतो, खड्ड्यात चाक खाली पडलं की तो आतून ठोकतो, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, आणि लॅटरल रॉडचा कोन बदलल्याने ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो.

काही ठिकाणी स्प्रिंग गॅसने लाल करून ओढून लांब करून देतात. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणी लाल होईपर्यंत तापवल्यावर उतरतं. ती स्प्रिंग काही महिन्यांत पुन्हा बसते किंवा मोडते. हे काम करून घेऊ नये, फुकट दिलं तरी.

मूळ मापाची की जाड स्प्रिंग?

मूळ मापाची नवी स्प्रिंग हा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल आहे. ज्यांना सस्पेन्शन ‘अपग्रेड’ हवं असतं त्यांना मूळ माल नवा घालणं म्हणजे काही न केल्यासारखं वाटतं. पण दहा-पंधरा वर्षं भार वाहिलेली स्प्रिंग मुक्त अवस्थेतच नवीपेक्षा आखूड झालेली असते. जुनी आणि नवी शेजारी उभ्या करून ठेवा, फरक नजरेला दिसतो. अधिकृत काउंटरवर चेसिस नंबर सांगूनच घ्या, कारण व्हेरिअंटप्रमाणे स्प्रिंग बदलू शकते. तारेवर रंगाच्या खुणा असतात. डाव्या आणि उजव्या स्प्रिंगच्या खुणा पार्ट नंबरांशी जुळवून घ्या. वरखालच्या रबरी गाद्याही नव्या घ्या. त्या स्वस्त असतात, आणि जुनी चेपलेली गादी नव्या स्प्रिंगची काही मिलिमीटर उंची खाते, वर कुरकुर करते ती वेगळीच.

जाड स्प्रिंग घेताना तारेच्या जाडीकडे जरा आदराने बघा. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. वेटोळ्याचा व्यास आणि संख्या तीच ठेवून तार फक्त ५ टक्क्यांनी जाड केली, तर स्प्रिंग सुमारे २२ टक्क्यांनी कडक होते. १४ मिलिमीटरच्या जागी १५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ३२ टक्के. दुकानदार ‘थोडी जाड आहे’ म्हणतो तेव्हा व्हर्नियर काढून तार मोजा, वेटोळी मोजा, मुक्त उंची मोजा. हे तीन आकडे जो देत नाही त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नका.

साधारण १५ ते २० टक्के जास्त कडक स्प्रिंग ही मर्यादा ठेवावी. विमानतळाच्या भाड्यावर चालणारी, रोज सहा-सात माणसं आणि बॅगा नेणारी गाडी, किंवा डिकीत सीएनजीची पोलादी टाकी कायमची असलेली पेट्रोल गाडी, यांना ती शोभते. एकटा माणूस ऐरोलीहून रोज ऑफिसला नेतो त्या गाडीत ती नको. सायन-पनवेल रस्त्यावरच्या प्रत्येक जोडावर मागची सीट आपटेल आणि तिसऱ्या रांगेतली माणसं वैतागतील. ३० टक्क्यांवर गेलात तर रिकाम्या गाडीचं मागचं चाक ओल्या रस्त्यावर खड्ड्यातून उसळतं, आणि उसळलेलं चाक ब्रेक लावत नाही.

हवेच्या पिशव्या

आता ज्या मालाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते त्याकडे येऊ. पॉलियुरेथेनची नळकांड्यासारखी पिशवी कॉइल स्प्रिंगच्या आत बसते, खालून किंवा वरून एक बारीक नळी निघते, आणि नळीच्या टोकाला टायरसारखा व्हॉल्व. गाडी रिकामी असताना नाममात्र हवा, भरली की जास्त. एअर लिफ्ट कंपनीची ‘१०००’ ही मालिका या प्रकारातली सर्वांत ओळखीची. तिची हवेची मर्यादा ५ ते ३५ पीएसआय आणि जोडीची मदत १००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ४५० किलो. फायरस्टोनची कॉइल-राइटही याच जातीची. घेताना गाडीचं नाव पाहून नव्हे, माप पाहून घ्यायचं. स्प्रिंगचा आतला व्यास आणि गाडी चाकांवर उभी असतानाची वरच्या व खालच्या बैठकीतली उंची, हे दोन आकडे पिशवीच्या तक्त्याशी जुळायला हवेत. लांब पिशवी दुमडून फाटते, आखूड पिशवी निम्मंच काम करते.

जी गाडी अकरा महिने हलकी आणि गणपती-मे महिन्यात भरगच्च असते, तिच्यासाठी ही सगळ्यात चांगली सोय आहे असं आमचं ठाम मत आहे. रिकाम्या गाडीचा आराम जात नाही, भरल्यावर उंची परत येते, आणि नको झालं तर काहीही न कापता सगळं काढता येतं.

बसवताना स्प्रिंगच्या मधोमध बंप रबर आहे का ते आधी बघा. असेल तर पिशवीला जागा करण्यासाठी ते काढायचं किंवा कापायचं की पिशवी त्याच्यासह बसते, हे पिशवीच्या कागदावर लिहिलेलं असतं. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. पिशवीतली हवा तोंडाने ओढून किंवा दाबून काढायची, ती उभी घडी घालून वेटोळ्यांतून आत सरकवायची, बोटाने सरळ करायची. वर आणि खाली दिलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या विसरायच्या नाहीत. त्या नसल्या तर बैठकीची धार पिशवी कापते.

नळी सायलेन्सरपासून किमान १५० मिलिमीटर दूर न्या. टायरला, हँडब्रेकच्या केबलला आणि लिंकला ती कुठेही घासता कामा नये, आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळतानाही तिला ढील हवी. टोक चाकूने सरळ काटकोनात कापा. कात्रीने चेपलेलं टोक जोडात नीट बसत नाही, आणि दहापैकी नऊ गळत्या तिथल्याच असतात असं कुठलाही अनुभवी फिटर सांगेल.

दोन्ही पिशव्यांना वेगळे व्हॉल्व द्या. किटात ‘टी’ जोड असतो आणि तो लावला की एकाच ठिकाणी हवा भरता येते, म्हणून तोच बसवायची घाई होते. पण परशुराम घाटातल्या वळणावर भार बाहेरच्या बाजूला गेला की तिकडच्या पिशवीतली हवा टीमधून आतल्या पिशवीत पळते. जिथे आधार हवा तिथला आधार जातो आणि गाडी जास्त कलते. वेगळ्या नळ्या, वेगळे व्हॉल्व, नंबर प्लेटच्या दोन बाजूंना. एवढं आग्रहाने करून घ्या.

मग ३० पीएसआयपर्यंत हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा दिसला नाही तरी रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा मोजा. इथे एक बारकावा आहे. पिशवीत हवा इतकी थोडी असते की गेज लावताना सुटलेल्या फुसकाऱ्यातच एक-दोन पीएसआय उतरतात. तेवढा फरक गळती धरू नका. याच कारणाने पेट्रोल पंपावरच्या मशीनने पिशवी भरू नये. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती ३५ च्या वर गेलेली असते. सायकलचा पायपंप आणि कमी दाबाचा चांगला गेज पुरे.

किती भरायची? आकडा पाठ करू नका, उंची बघा. सामान आणि माणसं बसवा, मागचं माप घ्या, आणि रिकाम्या गाडीच्या मापापेक्षा १० ते १५ मिलिमीटर कमी येईपर्यंतच हवा भरा. पाच माणसं आणि बॅगांना बहुधा १२ ते १५, पूर्ण भरलेल्या गाडीला २० ते २५ पीएसआयच्या आसपास ही उंची येते. घरी परतल्यावर हवा पुन्हा ५ ते ८ वर आणा. शून्यावर कधीच नको, कारण मोकळी पिशवी वेटोळ्यांत चिमटली जाते. आणि २५ पीएसआय ठेवून रिकामी गाडी ठाण्यात फिरवलीत तर मागची बाजू बैलगाडीसारखी धडधडेल. दोष मालाचा नसेल.

पिशवीने गाडीची क्षमता वाढत नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच आहेत. २०५/६५ आर १५ मापाच्या, ९४ लोड इंडेक्सच्या टायरला ६७० किलो पेलतात. पैसे वाचवायला कुणी १९५/६५ आर १५, ९१ इंडेक्सचे टायर घातले असतील तर त्यांची मर्यादा ६१५ किलो आहे, म्हणजे मागच्या दोघांत मिळून ११० किलोंचा घाटा. गाडी वरून सरळ दिसते आणि टायरच्या बाजूची भिंत आत शिजत असते.

शॉकअप, बुश आणि फिटिंग

स्प्रिंग कडक झाली की शॉकअपलाही जोर हवा. निम्मा गेलेला शॉकअप आणि नवी स्प्रिंग ही जोडी जुन्या दोघांपेक्षा वाईट चालते, कारण नवी स्प्रिंग जास्त जोराने परत फेकते आणि तिला थोपवणारं कुणी नसतं. शॉकअपच्या नळीवर नुसता ओलसर धुळीचा थर असेल तर घाबरू नका. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो गेला. बदलताना दोन्ही एकत्र.

साध्या तेलाच्या शॉकअपपेक्षा कमी दाबाच्या गॅसचा ट्विन-ट्यूब (नळीच्या आत नळी असलेला) शॉकअप घ्या. गॅब्रिएल, मनरो, केवायबी यांची नावं इथल्या दुकानांत सहज मिळतात. लागोपाठ खड्ड्यांत तेलात फेस होतो आणि फेस झालेलं तेल काही थोपवत नाही. नायट्रोजनचा दाब तो फेस रोखतो. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा, बिल्स्टीनच्या जातीचा, यापेक्षाही चांगला आणि लांबच्या घाटात न थकणारा, पण महाग, आणि शहरातल्या संथ वेगात जरा कडक. आमच्या मते मागच्या बाजूला हवेच्या पिशव्या असतील तर ट्विन-ट्यूब गॅस पुरतो. नकली माल याच भागात सर्वांत जास्त आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इतर कुठे, बिल आणि पॅकवरचा कोड मिळाल्याशिवाय घेऊ नका.

बुशांसाठी पहारीने लिंक हलवून बघा. चार लिंकांचे आठ आणि लॅटरल रॉडचे दोन. रबराला खोल चीर किंवा लोखंडी नळी एका बाजूला बसलेली दिसली की बदला. रबराचेच घ्या, पॉलियुरेथेनचे कडक बुश अशा लिंकांना लागणारा पीळ देत नाहीत आणि आवाज करतात.

काम चार खांबी लिफ्टवर होत नाही, कारण गाडी चाकांवरच उभी राहते आणि ॲक्सल सुटा करता येत नाही. पुढच्या चाकांना अडण. चेसिसखाली दोन स्टँड, ॲक्सलखाली नव्हे. ॲक्सलच्या मधोमध ट्रॉली जॅक. आदल्या दिवशीच सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं असावं. शॉकअपचा खालचा बोल्ट गंजून नळीला चिकटलेला असतो आणि जोर केला की तुटतो. नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून जॅक हळूहळू खाली. ब्रेकच्या रबरी पाइपवर नजर हवी, तो कधीही ॲक्सलचं वजन घेता कामा नये. स्प्रिंग मोकळी झाली की काढायची, बैठक ब्रशने घासून गंजरोधक रंग, नवी गादी, आणि नव्या स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला बरोबर टेकवून बसवायची. टोक खाचेबाहेर राहिलं तर गाडी पहिल्याच खड्ड्यात ‘ठक’ करून एका बाजूला बसते.

यानंतरची चूक सर्वांत जास्त गॅरेजांत होते. लिंक, रॉड आणि शॉकअपचे रबरी बुश असलेले बोल्ट चाकं हवेत असताना पूर्ण आवळले जातात. रबर आतल्या नळीला घट्ट चिकटलेलं असतं. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी नुसते बोटभर जोराने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची, आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायचे. मिस्त्रीला हे आधी विचारा. ‘वरच आवळतो, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर पुढचं गॅरेज बघा. वागळे इस्टेटच्या गाळ्यांत आणि तुर्भे-सानपाडा पट्ट्यात टॅक्सीच्या इनोव्हांवर काम करणारे असे फिटर आहेत जे हे न सांगता करतात. चकचकीत काउंटरपेक्षा त्यांचा हात जास्त भरवशाचा. जुन्या स्प्रिंगा आणि शॉकअप मात्र डोळ्यांसमोर ताब्यात घ्या.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्वकडे जाणारी बारीक दांडी आहे का ते बघा. असेल तर तो भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व आहे. त्याला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. पिशव्यांनी किंवा स्पेसरने मागची बाजू उचलली की तो गाडी रिकामी समजतो आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या ब्रेकला कमी दाब देतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो आणि कशेडीसारखा घाट उतरताना त्या तापतात. पिशव्या रिकाम्या उंचीपर्यंत फुगवू नका, १०-१५ मिलिमीटर कमी ठेवा, असं वर लिहिलं त्याचं एक कारण हेच. स्प्रिंग बदलल्यावर दांडीचं माप मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या.

मग पुढच्या चाकांचं अलाइनमेंट. मागची बाजू ३० मिलिमीटर वर आली की पुढचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) साधारण ०.६ अंशाने कमी होतो. स्टिअरिंग किंचित हलकं लागतं. हेडलाइटही त्याच दिवशी भिंतीवर मारून जुळवा, नाहीतर आता झोत रस्त्यात पडेल. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा तपासायचे आणि उंची पुन्हा मोजायची, कारण नवी स्प्रिंग सुरुवातीला काही मिलिमीटर बसते.

कागदाचं एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं. मूळ मापाची स्प्रिंग आणि शॉकअप हे सुटे भाग बदलणं आहे, त्यात अडचण नाही. दोन-तीन इंच उचलणारी लिफ्ट किट ही वेगळी गोष्ट. पंधरा वर्षं पूर्ण झालेली गाडी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला नेताना पिशव्यांतली हवा किमान पातळीवर ठेवा आणि मागचं माप रिकाम्या गाडीइतकं आहे ना ते बघा.

पिशव्यांची निगा थोडीच, पण पावसाळ्यात चुकवू नका. पंधरा दिवसांतून एकदा स्प्रिंगच्या आत पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे वेटोळी आणि पिशवी यांच्यामधली खडी निघून जाते. एक छोटा खडाही तिथे महिनाभर राहिला तर पिशवीला भोक पाडतो. टायरांची हवा तपासाल तेव्हा पिशव्यांचीही तपासा, आणि दोन्ही बाजूंत दर आठवड्याला फरक वाढत असेल तर प्रवासाच्या आदल्या दिवशी नाही, आत्ताच जोड उघडून नळीचं टोक नव्याने कापा.